शेवट पाहण्याचा हट्ट

ठाणे-वाशी रेल्वेमार्ग २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि कोपरखैरण्याला स्टेशन मिळालं. त्याआधी बाहेरच्या जगाशी नातं होतं ते ठाणे-बेलापूर रस्त्याचं. मूळ गाव आगरी-कोळ्यांचं, खाडीला लागून वसलेलं. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखलेले सेक्टर या गावाभोवती हळूहळू भरत गेले. मुंबईतला घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलला, तसे माथाडी कामगारही खाडी ओलांडून आले आणि त्यांच्यासाठी इथे लहान लहान घरं उभी राहिली. साताऱ्याकडची, पुणे जिल्ह्यातली कुटुंबं नव्या मुलखात रुजली. या घरांत वाढलेली पहिली पिढी आज चाळिशीच्या आगेमागे आहे. या पिढीची एक आठवण शहराच्या इतिहासात कुणी नोंदवत नाही, ती म्हणजे व्हिडिओ गेम संपवण्याची.

संपवणं हा शब्द इथे महत्त्वाचा. नुसतं खेळणं सगळ्यांनाच जमे. शेवटच्या बॉसला लोळवून, पडद्यावर नावांची यादी वर सरकताना पाहणारा पोरगा मात्र वेगळा गणला जाई. आणि गंमत अशी की ज्या गेमांनी हा मान दिला, त्यांतली मारामारी बहुतेक वेळा खेळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला आणणारी होती. तरीही पोरं हटत नसत. ती का हटत नसत, याचं उत्तर प्रत्येक काळात निराळं आहे.

मुंबई-ठाणे पट्ट्यात नव्वदच्या दशकात ज्या गेमने नाणी खाल्ली, त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या चित्रकथांवर तो बेतलेला होता. पण हे नाव पार्लरमध्ये कुणी घेतलं असेल असं वाटत नाही. तिथे तो गेम ‘मुस्तफा’ होता. चार पात्रांपैकी पिवळी टोपी घातलेला मुस्तफा कैरो सगळ्यांचा लाडका. तो धावत येऊन हवेत झेप घेत जी लाथ घाली, तिच्यावर पोरं फिदा होती.

या गेममधली मारामारी त्रासदायक होती आणि ती तशी असण्यामागे धंदा होता. पार्लरचं यंत्र नाण्यावर चालतं. एकच पोरगा रुपयात तासभर उभा राहिला तर मालकाचं दिवाळं निघेल. म्हणून गेम रचणाऱ्यांनी पहिली स्टेज मऊ ठेवली आणि पुढे गुंडांची संख्या, त्यांचं बळ, दोन्ही बाजूंनी एकदम अंगावर येण्याची त्यांची सवय वाढवत नेली. वेढा पडला की सुटायची एक युक्ती होती. मारण्याचं आणि उडी मारण्याचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबली की भोवतीचे सगळे आडवे होत. पण त्या युक्तीची किंमत म्हणून स्वतःच्या पॉवरच्या पट्टीतला थोडा भाग कापला जाई. जीव वाचवायलाही जीवच द्यायचा, असा हिशेब यंत्रातच भरलेला होता.

यावर पोरांनी काढलेला तोडगा सामूहिक होता. खेळायला पैसे पडत, बघायला पडत नसत. यंत्राभोवती दोन-तीन रांगा करून उभी असलेली पोरं प्रत्येक डावातून काही तरी उचलत. पडदा पुढे सरकवायची घाई केली की नवे गुंड येतात, म्हणून आहे त्यांना आधी निपटायचं. शत्रूच्या समोरासमोर उभं राहायचं नाही, थोडं वर किंवा खाली राहून तो रेषेत आला की ठोसा हाणायचा. खायचं सामान दिसलं तरी पॉवर भरलेली असेल तर ते तसंच सोडून लढाई संपल्यावर उचलायचं. ही विद्या कुठे लिहिलेली नव्हती. मागून येणाऱ्या सूचनांतून, क्वचित पाठीवर बसणाऱ्या थापेतून ती एका पोराकडून दुसऱ्याकडे जाई. तिसऱ्या स्टेजला थेट कॅडिलॅक गाडीत बसायला मिळे, तेव्हा सगळी गर्दी पुढे झुके. आणि आठव्या स्टेजला डॉक्टर फेसेंडेन हा खलनायक स्वतःच राक्षस होऊन उभा राहिला, की आत्तापर्यंत आपापला सल्ला देणारे गप्प होत.

एका नाण्यात मुस्तफा संपवणारा पोरगा त्या दुकानाचा नायक ठरे. गेम संपल्यावर नावाची तीन अक्षरं घालता येत. मात्र त्या काळच्या कॅपकॉमच्या बहुतेक बोर्डांत गुण साठवून ठेवायची सोय नव्हती. रात्री दुकानदाराने मेन स्विच पाडला की ती अक्षरं गेली. सकाळी पराक्रमाचा पुरावा म्हणून साक्षीदार तेवढे उरत. पार्लर म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा अड्डा, असंच बहुतेक आईबापांना वाटे आणि शाळा बुडवून तिथे जाणारे होतेच. सरकारच्या दप्तरी मात्र तो करमणुकीचा धंदा होता. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याखाली व्हिडिओ गेमवरही शुल्क बसे.

घरात टीव्हीला जोडायचे आठ बिटांचे गेम आले तेव्हा नाणं गेलं, पण कठीणपणा राहिला. ‘काँट्रा’ हा कोनामी कंपनीचा गेम त्यातला सगळ्यांत छळणारा. एक गोळी लागली की एक लाइफ गेली आणि सुरुवातीला हातात असत तीन. सुदैवाने त्या गेममध्ये एक गुप्त क्रम होता: दोनदा वर, दोनदा खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, मग बी आणि ए. तो नेमका दाबला की तीस लाइफ मिळत. या क्रमाचा जन्म लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोनामीत काम करणारे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ हा दुसरा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तो तपासायचा तर शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही चोरवाट ठेवली. गेम बनवणाऱ्यालाही त्याची मारामारी पेलत नव्हती, हे कळलं असतं तर पोरांना किती धीर आला असता! आपल्याकडे मिळणाऱ्या नकली कॅसेटींपैकी अनेकींत तर तीस लाइफ आधीच घातलेल्या असत.

संगणकाच्या क्लासात आणि कचेऱ्यांत याच सुमाराला एक राजपुत्र धावत होता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेक्नर या तरुणाने जवळपास एकट्याने लिहिला. १९८९ मध्ये तो ॲपल टू या संगणकावर आला आणि पुढच्या वर्षी डॉसवर. आपल्याकडे तो पोचला तो डॉसवरचा, फ्लॉपीतून एकमेकांना देत. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून मेक्नरने त्याचं चित्रण केलं होतं आणि त्या चौकटी एकेक करून संगणकात उतरवल्या होत्या. म्हणून तो राजपुत्र कठड्याला लोंबकळताना खरा माणूस वाटे.

मेक्नरच्या मूळ योजनेत तलवारबाजी नव्हतीच. त्याला हवे होते सापळे, उड्या आणि डोक्यावर टांगलेला एका तासाचा काळ. टोमी पियर्स ही सहकारी मात्र एकच धोशा लावून बसली होती: यात लढाई हवी. ॲपल टूची स्मृती राजपुत्राच्या चित्रांनीच भरत आली होती, नव्या शत्रूसाठी जागा कुठून आणायची? शेवटी राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून स्वतःवरच टाकली, तेव्हा पडद्यावर एक चमचमती सावली उभी राहिली. गेममधला सगळ्यांत अविस्मरणीय शत्रू असा जागेच्या टंचाईतून जन्माला आला. पहारेकरी त्यानंतर आले.

डॉसवर खेळणाऱ्यांना ही तलवारबाजी फार जड जाई. शिफ्टने वार, वरच्या बाणाने अडवणं, एवढीच तिची बाराखडी. पण वेळ चुकली की संपलं. तिसऱ्या पातळीवर एक हाडांचा सांगाडा उठून उभा राहतो. त्याला कितीही भोसका, तो मरत नाही. त्याला मागे रेटत कडेला न्यायचं आणि खाली पाडायचं, हाच मार्ग. बाराव्या पातळीवर ती सावली समोर येते. तिच्यावर वार केला की आपलीच पॉवर कमी होते. तलवार चालवत राहिलेला प्रत्येक जण इथे मरतो. खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची आणि सरळ सावलीच्या अंगावर चालत जायचं, की दोघं एक होतात. लढाईने जेरीस आणणाऱ्या गेमने ऐन शेवटाजवळ न लढण्याची वाट ठेवली होती. खेळांच्या इतिहासात याच्या तोडीचा डाव क्वचितच सापडेल.

ज्यांना हेही जमत नसे, त्यांच्यासाठी रडीचा डाव होताच. डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टंकून गेम सुरू केला की शिफ्ट आणि टीने लाइफ वाढे, शिफ्ट आणि एलने पुढची पातळी येई, नुसता के दाबला की समोरचा पहारेकरी गतप्राण. अशा मार्गाने राजकन्येपर्यंत पोचलेल्यांना इतर जण संपवणाऱ्यांत धरत नसत. पण त्यांनी शेवट पाहिला होता, आणि तो पाहायची त्यांची ओढ इतरांइतकीच खरी होती.

दोन हजारच्या दशकात सायबर कॅफे आले. तिथे ताशी दराने काउंटर-स्ट्राइक चाले, ती मित्रांची हाणामारी. घरी संगणक आलेल्यांना मात्र पछाडलं ते ‘प्रोजेक्ट आयजीआय’ने. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओने २००० मध्ये काढलेल्या या गेमचं भारतात जे कौतुक झालं, ते त्याच्या मायदेशीही झालं नसावं. चौदा मोहिमा, आणि मोहिमेच्या मध्ये कुठेही सेव्ह करायची सोय नाही. अर्ध्या तासाच्या सावध वाटचालीनंतर एका टॉवरवरच्या पहारेकऱ्याने टिपलं, की पुन्हा पहिल्यापासून. भोंगा वाजला तर बराकीतून सैनिक येतच राहत. त्या बर्फाळ तळांवरचा मोकळा, दूरवर पसरलेला प्रदेश हेच त्याचं खरं आकर्षण. दुर्बिणीतून पाहून वाटेल त्या बाजूने शिरायची मुभा तोवर थोड्याच गेमांनी दिली होती. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजिट’सारख्या मासिकांतून आणि त्यांच्या सीडींवरून मिळणाऱ्या क्लृप्त्या वहीत उतरवून ठेवणारी पोरं या काळातली.

मेक्नरचा राजपुत्र २००३ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ या नावाने परतला, यूबीसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओतून. त्याची कथा सुरू होते भारतातल्या एका महाराजाच्या वाड्यावरच्या हल्ल्याने, आणि नायिका फराह ही त्या महाराजाची कन्या. भिंतीवरून धावणं, चुकलं तर खंजिराने काळ उलटा फिरवणं, यांवर जगभरचे खेळणारे लुब्ध झाले. मारामारीने मात्र ते वैतागले. शत्रू संपता संपत नसत. वर जाणाऱ्या लिफ्टमधली एक लढाई तर कुख्यात आहे: जागा चिंचोळी, राक्षस लाटांनी येणार, वर फराहलाही वाचवायचं. तिथे गेम सोडून दिलेले असंख्य आणि दात-ओठ खाऊन पुढे गेलेलेही असंख्य. पुढे गेलेल्यांना ओढत होती ती फराह आणि राजपुत्र यांच्यातली, भांडणातून हळूहळू उमलणारी जवळीक.

कोपरखैरण्याचा या कथेत आणखी एक वाटा आहे, आणि तो कमी लेखू नये. धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी हे रिलायन्सचं प्रचंड आवार इथलंच. रिलायन्स इन्फोकॉमची मोबाइल सेवा २८ डिसेंबर २००२ ला जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी ५०१ रुपयांत फोन हाती देणाऱ्या योजनेने ती घराघरांत गेली. त्या फोनवरच्या ‘आर वर्ल्ड’मधून छोटे गेम उतरवून घेता येत. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, त्याचा कारभारही शेजारच्या घणसोलीच्या आवारातून चालतो. डेटा स्वस्त झाला आणि २०१८ पासून पबजीने पोरांना वेड लावलं. बारकाईने पाहण्यासारखा बदल असा, की पबजीला शेवट नाही. प्रत्येक डाव संपतो, गेम संपत नाही. ‘संपवला का?’ हा जुना प्रश्नच त्यात बसत नाही. जिंकण्याची भूक त्याने भागवली, पण कथेच्या टोकापर्यंत पोचण्याची भूक वेगळी असते आणि ती भागवणारं काही आपल्या मातीतून येईल का, हा प्रश्न तसाच होता.

ते आलं पुण्यातून. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी निंटेन्डो स्विचवर आला, आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. किकस्टार्टरवर लोकवर्गणी उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी मोजक्या माणसांनी काम सोडलं नाही. टाळेबंदीत घरी अडकलेला देश तेव्हा पबजीत बुडाला होता आणि दोनच आठवड्यांनी, २ सप्टेंबरला, पबजीवर बंदी आली.

राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या उत्सवात असुरांचा हल्ला होतो आणि तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो. दुर्गा तिला त्रिशूळ देते. पुढची सगळी कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते. राजस्थानी वाडे, झरोके, कमळांनी भरलेली तळी, पहाडी लघुचित्रांतले रंग, सावल्यांच्या खेळासारखे मधले प्रसंग. भिंतीवरच्या चित्रापाशी थांबलं की त्यातली पुराणकथा ऐकू येते. मंडलाच्या तबकड्या फिरवून चित्र जुळवायची कोडी आहेत. हिरण्यनगरीत प्रथम पाऊल टाकल्यावर थबकून नुसतं पाहत राहावं, इतकं ते देखणं आहे. आपल्या देवळांच्या खांबांना धरून गरगर फिरत असुराला लाथ घालणारी मुलगी जगाच्या पडद्यावर येणं, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि मारामारी? तिने पुष्कळांना छळलं. कॅमेरा उंचावर, दूर आणि बसवलेला, त्यामुळे राजी पडद्यावर बोटाएवढी. घोळक्यात ती कुठे आहे तेच कळत नाही. त्रिशुळाचा वार एकदा सुरू झाला की तो पुरा होईतो राजी वळत नाही, बटण दाबूनही बाजूला होत नाही, आणि तेवढ्यात चौकटीबाहेरून बाण येऊन लागतो. खांबावरून आणि भिंतीवरून करायचे हल्ले दिसायला सुरेख, पण गर्दीत नेमका खांब गाठेपर्यंत निम्मी पॉवर गेलेली. अनेक समीक्षकांनी चित्रकलेची आणि संगीताची तोंडभर स्तुती केली आणि त्याच दमात लढाई कच्ची असल्याचं नोंदवलं. ती टीका रास्तच होती. स्टुडिओ भारतीय आहे म्हणून ती सौम्य करायची गरज नाही, आणि तिच्यामुळे बाकीचं काम उणं ठरत नाही. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं, तेही खरं.

मुस्तफाची मारामारी नाण्यासाठी कठीण केलेली होती. प्रिन्सची स्मृतीच्या टंचाईत घडलेली. राजीची खोट कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती. वारानंतर हात किती लवकर मोकळा व्हावा, शत्रूने किती आधी इशारा द्यावा, हे शेकडो वेळा खेळून, मोडून, पुन्हा जुळवून ठरतं. त्याला वेळ लागतो, म्हणजेच पगार लागतात. मोठ्या स्टुडिओत एवढ्यासाठी स्वतंत्र तुकडी असते. कन्सोलसाठी असा गेम करण्याची परंपराच जिथे जेमतेम होती, तिथे अनुभवी हात आणायचे कुठून?

तरीही राजी संपवणारे खूप निघाले. पाच-सहा तासांचा गेम, त्यामुळे दम टिकतो. जुन्या पार्लरमध्ये मागे उभ्या पोरांनी केलेलं काम आता यूट्यूबवरचे हिंदी व्हिडिओ करतात: कुठल्या असुराला आधी टिपायचं, कुठे नुसतं पळत राहायचं, विष्णूने दिलेलं धनुष्य कधी काढायचं. घोळक्यात शिरून वार करण्यापेक्षा दूर राहून बाण मारत सुटणं हा अनेकांनी शोधलेला मार्ग. असं करत महाबलासुरापर्यंत पोचायचं, त्याच्याशी पुन्हा पुन्हा हरायचं, आणि अखेर त्याला पाडल्यावर कथा मध्येच तुटल्यासारखी थांबलेली पाहायची. एवढ्या कष्टांनंतरचा हा अर्धवट शेवट लढाईपेक्षा जास्त लोकांना बोचला.

स्टुडिओने लढाईची तक्रार ऐकली. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत मारामारी नव्याने बसवली, मधले प्रसंग पात्रांच्या हालचालींसह पुन्हा रचले आणि हिंदी आवाज घातले. सावल्यांचा खेळ गेल्याची हळहळ काहींना वाटली, पण राजी आता बटणाला ओ देऊ लागली. ज्यांनी जुन्या आवृत्तीशी झगडून शेवट गाठला होता, त्यातल्या काहींनी तोच रस्ता पुन्हा धरला. गोलूची गोष्ट पुढे नेणाऱ्या ‘राजी: कलियुग’ची घोषणा व्हायला मात्र २०२५ उजाडलं.